घरच्या पडद्यासाठी पहिला पूर्ण सिनेमा: नाव नंतर, आधी प्रिंट हातात घेऊन बघा

साताऱ्याहून एकांनी विचारलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "१६ मिमीचा प्रोजेक्टर मिळाला आहे, चालू स्थितीत आहे. आजवर फिल्म्स डिव्हिजनची दहा-बारा मिनिटांची रिळं लावून बघितली. आता पूर्ण लांबीचा पहिला सिनेमा विकत घ्यायचा आहे. दोन प्रिंट समोर आहेत. एक गाजलेला रंगीत हिंदी सिनेमा, चार रिळं, विकणारा म्हणतो 'एकदम ओके'. दुसरा काळापांढरा मराठी संतपट, तीन रिळं, सुरुवातीचा थोडा भाग नाही आणि डबा उघडला की आंबूस वास येतो. जुन्या संग्राहकांनी पहिला सिनेमा कोणता घेतला होता? आणि मी यातला कोणता घ्यावा?"

यात दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं नेमकं उत्तर इथे बसून देता येणार नाही. ते त्या प्रिंटच्या अवस्थेवर, किमतीवर, तुमच्या प्रोजेक्टरवर आणि तुमच्या खोलीवर अवलंबून आहे, आणि यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. पहिल्याचं उत्तर मात्र मी अनुभवातून देऊ शकते, आणि ते नीट दिलं तर दुसऱ्याचा बराचसा उलगडा तुमचा तुम्हालाच होईल.

पहिला सिनेमा घ्यायचा म्हटलं की आपल्या डोक्यात सिनेमाचं नाव असतं, नट असतात, गाणी असतात. विकत मात्र आपण एक प्रिंट घेतो, म्हणजे फिल्मवर छापलेली त्या सिनेमाची एक प्रत. ती चाळीस-पन्नास वर्षांची असते, कित्येक ऑपरेटरांच्या हातून गेलेली असते, कुठे कुठे तुटून जोडलेली असते. एकाच सिनेमाची एक प्रिंट वर्षानुवर्षं आनंद देते आणि दुसरी प्रोजेक्टरच्या गेटमधून (दिवा आणि लेन्स यांच्यामधल्या खिडकीतून) पाच मिनिटंही धड जात नाही. विक्रेत्याचा "एकदम ओके" हा शब्द बहुतेक वेळा सिनेमाच्या नावाबद्दल असतो. प्रिंट त्याने स्वतः चालवून पाहिलेली नसते, कारण त्याच्याकडे प्रोजेक्टरच नसतो.

आता जुन्यांनी काय घेतलं ते. परदेशातल्या आणि आपल्याकडच्या संग्राहकांच्या आठवणी इथेच वेगळ्या होतात. तिकडे सिनेमा घरी दाखवण्यासाठी म्हणून विकला जायचा. पाथेची ९.५ मिमी रुंदीची फिल्म १९२२ ची, कोडॅकची १६ मिमी १९२३ ची, दोन्ही घरासाठीच काढलेल्या. पुढे अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्टहून ब्लॅकहॉक फिल्म्स टपालाने रिळं पाठवायची. १९६५ मध्ये सुपर ८ ही ८ मिमीची फिल्म आल्यावर मोठ्या सिनेमांच्या आठ-नऊ मिनिटांच्या काटछाट केलेल्या आवृत्त्या दुकानात मिळू लागल्या. इंग्लंडमध्ये डडलीच्या डेरानने तर पूर्ण लांबीचे सिनेमे सुपर ८ वर विकले. त्यामुळे तिकडचा संग्राहक सांगतो की आधी मूकपटातल्या विनोदी रिळांवर हौस भागवली, मग पैसे साठवून पहिला पूर्ण सिनेमा मागवला.

या आठवणींपैकी मला सर्वात मोलाची वाटते ती ब्रिटिश चित्रपट-इतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांची. १९५४ मध्ये, शाळकरी वयात, लंडनला त्यांच्या हाती फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सच्या १९२७ च्या 'नेपोलियन'ची ९.५ मिमीची दोन रिळं आली. पूर्ण सिनेमा नव्हे, घरगुती बाजारासाठी कापलेल्या आवृत्तीतली दोन रिळं. ती घरच्या पडद्यावर पाहून मुलगा इतका भारावला की उरलेला सिनेमा कुठे आहे याचा शोध त्याने आयुष्यभर घेतला, तुकडा तुकडा जमवून सिनेमा पुन्हा उभा केला आणि १९८० मध्ये लंडनला तो वाद्यवृंदासह दाखवला गेला. २०१० मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचा सन्मान केला. पहिली प्रिंट अपुरी होती म्हणून त्यांचं काही अडलं नाही. मात्र ती चालण्याजोगी होती. ती गेटमधून गेली, पडद्यावर पडली, पुन्हा पुन्हा लावता आली. तुमच्या निर्णयात हा मुद्दा लक्षात ठेवा.

आपल्याकडे १६ मिमीचा पूर्ण सिनेमा घरगुती गिऱ्हाइकासाठी दुकानात मांडलेला मी तरी कधी पाहिला नाही. इथे प्रिंट निघायच्या त्या दाखवण्यासाठी आणि भाड्याने देण्यासाठी. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी १९५५ पासून. शिवाय फिल्म सोसायट्या, आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, ज्याला आम्ही सगळे अर्काइव्ह म्हणतो. आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे गणपती. चौकात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा, अलीकडे बसलेल्यांना सिनेमा सुलटा, पलीकडे बसलेल्यांना उलटा, आणि मध्ये रिळ बदलताना सगळ्या गल्लीचा कालवा. गृहनिर्माण सोसायट्या, कारखान्यांच्या वसाहती, लष्करी छावण्या, सगळीकडे एजन्सीचा माणूस प्रोजेक्टर आणि डबे घेऊन यायचा. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि हा धंदा बसला. गोदामं रिकामी झाली. बरीच रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात गेली, उरलेली जुन्या बाजारात आली.

म्हणून माझ्या ओळखीच्या संग्राहकांना पहिला सिनेमा विचारला तर आवडत्या सिनेमाचं नाव क्वचित येतं. एकाने शाळेच्या अडगळीतून निघालेला बालचित्रपट घेतला. एकाने बुधवारच्या जुन्या बाजारात तीन डबे घेतले, आत कोणता सिनेमा आहे ते घरी जाऊन कळलं. जे हाती लागलं ते घेतलं. तरी यातल्या प्रत्येकाला आपल्या पहिल्या प्रिंटमधला कोणता जॉइंट कुठे येतो हे आजही सांगता येतं. पुढे कितीही डबे जमले तरी पहिल्या सिनेमाइतका दुसरा कुठलाच वारंवार लावला जात नाही. शिकताना तोच लावायचा, पाहुणे आले की तोच लावायचा.

माझ्या स्वतःच्या मालकीची पहिली पूर्ण लांबीची प्रिंट म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम'. त्याआधी मी फिल्म सोसायटीचं प्रोजेक्शन सांभाळत होते, पण ती रिळं बाहेरून यायची आणि खेळ झाला की परत जायची. भाड्याने प्रिंट देणारी एक एजन्सी माल काढत होती. रंगीत हिंदी सिनेमांच्या चळतींभोवती गर्दी होती. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा हा सिनेमा तीन गंजलेल्या डब्यांत भिंतीकडेला पडला होता. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम लहानपणापासून मनात होता, ते कारण होतंच. पण मी तो उचलला तो हिशेब करून, आणि तो हिशेब तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिलं, लांबी. ध्वनीसह १६ मिमी सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) चालते. एका फुटात ४० चौकटी, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा, म्हणजे सुमारे ४,७०० फूट. १,६०० फुटांच्या रिळावर ४४ मिनिटं बसतात, तेव्हा तीन रिळांत सिनेमा संपतो आणि घरात एकच प्रोजेक्टर असला तरी दोनदाच थांबावं लागतं. तीन तासांचा हिंदी सिनेमा ६,४८० फुटांचा होतो. चार भरगच्च रिळं, कधी पाच. नवशिक्याच्या हातून रिळ चढवणं, लूप (गेटच्या वर-खाली फिल्मचं सैल वळण) सोडणं, परत गुंडाळणं यात जो वेळ जातो आणि जी ओढाताण होते ती रिळांच्या संख्येबरोबर वाढते.

दुसरं, काळापांढरा. त्यातलं चित्र चांदीचं असतं, ते रंगासारखं उडून जात नाही. रंगीत प्रिंटचं काय होतं ते पुढे सांगते.

तिसरं, आवाज. अभंग सुरू झाला आणि सूर डगमगला तर दोष कुठे आहे ते लगेच शोधता येतं, कारण तो अभंग कसा ऐकू यायला हवा हे आपल्या कानांना पाठ असतं. नुसत्या संवादांवर प्रोजेक्टरचा डगमगता वेग कळत नाही, लांब सुरावर लपत नाही. पहिल्या सिनेमात गाणं असावं असं मी नेहमी सांगते ते याचसाठी.

आणि चौथं, बघणारी माणसं. घरातलं प्रोजेक्शन एकट्याने बघण्यात मजा नाही. आजीपासून शेजारच्या पोरांपर्यंत सगळे बसतील असा सिनेमा पहिला असावा.

घरी आणल्यावर मी तो लगेच लावला नाही. टेबलाच्या दोन टोकांना रिवाइंडर बसवले आणि फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर सावकाश घेतली. हातात सुती मोजा, फिल्मचे दोन्ही काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलके धरलेले. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं. भोक फाटलेलं असेल तर मोज्याचा धागा अडकतो, जॉइंट आला की टक् असं लागतं. १६ मिमीच्या ध्वनी असलेल्या प्रिंटला एकाच काठाला भोकं असतात, दुसऱ्या काठावर आवाजाची पट्टी. म्हणून ती एक ओळ फाटली की प्रोजेक्टरला धरायला दुसरं काही उरत नाही. माझ्या प्रिंटच्या पहिल्या रिळाची सुरुवात चांगलीच झिजलेली निघाली, आणि ते साहजिक होतं. प्रत्येक खेळाला पहिले काही फूट प्रोजेक्टरमध्ये हाताने ओवले जातात, जमिनीवर लोळतात. तिसऱ्या रिळात वैकुंठगमनाच्या आसपास जॉइंटांची गर्दी होती. मंडळं तेवढा प्रसंग पुन्हा लावायला सांगत असणार आणि ऑपरेटर घाईने फिल्म मागे ओढत असणार, असा माझा अंदाज आहे.

जॉइंट कसा ओळखायचा तेही सांगते, कारण पहिल्या खेळात तुम्ही दचकाल. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी गेटमधून जाते आणि मग आवाज वाचणाऱ्या ड्रमवरून. या दोन जागांत २६ चौकटींचं अंतर असतं. म्हणून तुटलेल्या जागी आधी चित्र उडी मारतं आणि साधारण सेकंदभराने आवाजात खट् होतं. ओळीतला एखादा शब्द गिळला जातो तोही तेव्हाच. हा प्रोजेक्टरचा बिघाड नाही. प्रत्येक जॉइंटला हे झालं तर निश्चिंत राहा. जॉइंट नसताना झालं तर लूप सुटतोय का ते बघा.

आता तुमच्या दोन प्रिंटकडे येऊ. आधी तो वास.

१६ मिमीची जुनी फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकवर असते. उष्णता आणि दमटपणा यांनी ॲसिटेट विघटित होतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरचा वास. याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. वाईट भाग असा की सुटलेलं ॲसिड पुढच्या विघटनाला आणखी वेग देतं आणि शेजारच्या डब्यांनाही ते लागतं. आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर, यातून पूर्ण सुटलेली जुनी प्रिंट मिळणं अवघडच. म्हणून वास आला की प्रिंट टाकून द्या असं मी म्हणणार नाही. वास किती आहे आणि फिल्म किती आकसली आहे, हे बघायचं. कधी कधी वास डब्यातच कोंडलेला असतो. रिळ बाहेर काढून दिवसभर उघड्यावर ठेवा आणि मग नाकाजवळ धरा. नीट मोजायचं असेल तर ए-डी पट्ट्या मिळतात. त्या रिळाबरोबर डब्यात ठेवल्या की निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. निळ्या राहिल्या तर उत्तम, हिरवटपणा येऊ लागला तर सावध, पिवळ्या झाल्या तर ती प्रिंट पहिली म्हणून घेऊ नका.

आकसणं बघायला उपकरण लागत नाही. नव्या, चांगल्या १६ मिमी लीडरचा (रिळाच्या सुरुवातीला जोडतात त्या कोऱ्या फिल्मचा) तीन फुटांचा तुकडा सोबत घेऊन जा. टेबलावर तो आणि प्रिंटची फिल्म शेजारी शेजारी ठेवा, पहिलं भोक पहिल्या भोकाला जुळवा आणि शंभर भोकं मोजत जा. शंभराव्या ठिकाणीही भोकं जुळली तर फिल्म शाबूत आहे. जुन्या फिल्मचं शंभरावं भोक नव्याच्या नव्व्याण्णवाव्यापाशी आलं तर ती एक टक्का आकसली आहे. तिथे मी थांबते. एक टक्क्याला प्रोजेक्टरचे दात भोकांत नीट बसत नाहीत, फिल्म खडखडते आणि भोकं फाटत जातात. अर्ध्या टक्क्यापर्यंत माझा प्रोजेक्टर विनातक्रार चालवतो. तुमचा किती सहन करतो ते त्याच्या रोलरांवर आणि रबरांवर ठरेल. ही चाचणी तिन्ही रिळांची करा, एकाची नव्हे, आणि रिळाच्या मधल्या भागात करा. फिल्म टेबलावर सपाट बसते का, की लाटेसारखी उठते, तेही त्याच वेळी दिसेल.

आता रंगीत प्रिंट. इथे माझं मत स्पष्ट आहे: फिल्म पांढऱ्या उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग सगळ्यांत आधी उडतो. राहतो तो गुलाबी-लाल. आकाश गुलाबी, झाडं तपकिरी, चेहरे गाजरासारखे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने कमी उडणारी एलपीपी फिल्म आणली, तिच्या काठावर ती अक्षरं छापलेली असतात. ती दिसली तर रंग शाबूत असण्याची आशा धरा. उडालेला रंग परत येत नाही. लॅम्पसमोर फिल्टर लावून थोडा समतोल साधता येतो, पण गेलेलं ते गेलंच. गुलाबी प्रिंट घेऊच नये असं नाही, कथेसाठी लोक ती आनंदाने बघतात. फक्त गुलाबी प्रिंटची किंमत गुलाबी प्रिंटइतकीच द्यावी.

त्या हिंदी सिनेमाबद्दल आणखी एक विचारा: स्कोप आहे का? चौकटीत माणसं उंच, काटकुळी दिसली तर चित्र आडवं दाबलेलं आहे आणि ते उलगडायला वेगळी ॲनामॉर्फिक लेन्स लागेल. ती नसेल तर अडीच तास सगळे नट बांबूसारखे दिसतील. या एका गोष्टीमुळे पहिल्या खरेदीवर हिरमुसलेले लोक मी बघितले आहेत.

सिनेमा पूर्ण आहे की नाही हे ओळखायची एक सोय आपल्याच पद्धतीत आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. ती ३५ मिमीची असेल तर ०.४ ने गुणा, १६ मिमीची लांबी मिळेल. समजा १२,६०० फूट लिहिलं आहे, तर तुमच्याकडे ५,०४० फूट, म्हणजे १४० मिनिटं असायला हवीत. पडद्यावर घड्याळ लावून तपासा. पाच-दहा मिनिटं कमी भरली तर ते सर्वसाधारण. वीस-पंचवीस मिनिटं कमी भरली तर कुणीतरी गाणी कापून घेतली आहेत. गाण्यांची रिळं वेगळी करून विकायची पद्धत होती.

तुमच्या संतपटाची सुरुवात नाही, याचं मला फार वाईट वाटत नाही. श्रेयनामावली आणि पहिलं दृश्य गेलं असेल तर ते बहुतेक जुन्या प्रिंटचं होतं. मधलं अख्खं रिळ नसतं तर मी नको म्हटलं असतं. पण अपुरी प्रिंट नको हे पहिल्या खरेदीपुरतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चीही पहिली आणि शेवटची रिळंच उरली आहेत, आणि ती कुणीतरी जपली म्हणून आपल्याला दिसतात. तुमचा संतपट कमी माहितीतला असेल तर घेतल्यावर पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या अर्काइव्हला पत्र टाका आणि तुमच्याकडे काय आहे ते कळवा. पी. के. नायरांनी उभं केलेलं हे संग्रहालय १९६४ चं, २०२२ पासून ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाकडे आहे. त्यांच्याकडे त्या सिनेमाची प्रत नसेल तर तुमच्या तीन डब्यांचं मोल पैशात मोजता येणार नाही.

जाता जाता एक सावधगिरी. त्या विक्रेत्याने ३५ मिमीचे जुने डबे दाखवले आणि ते १९५० च्या आधीचे असतील, तर हात लावू नका. त्या काळची ३५ मिमी नायट्रेट या ज्वालाग्राही प्लास्टिकवर असायची आणि नायट्रेट पेटलं तर पाण्याखालीही जळत राहतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागून अर्काइव्हची नायट्रेट रिळं गेली. असे डबे घरात ठेवायचे नसतात, अर्काइव्हला कळवायचं असतं. १६ मिमी मात्र घरासाठी म्हणून निघाली, ती सुरुवातीपासून सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवर आहे. काठावर तसा शब्दही छापलेला सापडेल.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: वास, शंभर भोकं, रंग, स्कोप, लांबी. विक्रेत्याकडे तासभर मागून घ्या आणि हे सगळं तिथेच बघा. जो बघू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर संतपटाकडे आधी वळले असते. तीन रिळं, काळापांढरा, गाणी आहेत, घरातले सगळे बसतील. अट एकच, भोकांच्या चाचणीत तो उतरला पाहिजे. उतरला नाही तर मन घट्ट करून सोडा, कितीही दुर्मीळ असला तरी. आकसलेली फिल्म अनोळखी प्रोजेक्टरवर चालवून तुम्ही तिचं नुकसान कराल. अशा वेळी विकत घेऊन सरळ अर्काइव्हला दिली तर ती वेगळी गोष्ट, पण मग पडद्यासाठी दुसरा सिनेमा शोधावा लागेल. हिंदी सिनेमाचा रंग खरोखर टिकला असेल, स्कोप नसेल आणि किंमत माफक असेल, तर तो दुसरा म्हणून जरूर घ्या. चार रिळं हाताळायला तोवर हात बसलेला असेल.

घरी आणल्यावर काय करायचं तेही इथेच सांगून टाकते, कारण पहिल्या वर्षात प्रिंट बिघडतात त्या ठेवण्यामुळे. माळ्यावर ठेवू नका. आपल्या घरांत नको असलेलं सगळं माळ्यावर जातं, आणि स्लॅबखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात घरातली सर्वांत तापलेली जागा. स्वयंपाकघराची वाफ, न्हाणीघराची भिंत, हेही टाळा. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट बघा, त्यात खालचा कप्पा, डबे आडवे. गंजलेले डबे बदला, पण जुन्या डब्यावरची लेबलं आणि आतल्या चिठ्ठ्या जपून ठेवा. त्यातून प्रिंट कुठे कुठे फिरली ते कळतं. वासाची प्रिंट इतरांपासून लांब ठेवा आणि तिचा डबा हवाबंद करू नका. पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर बदला. डांबराच्या गोळ्या मी कधीच टाकत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी रिळ सावकाश पुन्हा गुंडाळा, फार आवळून नको, सैल नको. गुंडाळताना मऊ मखमली कोरडं कापड हलकं धरलं की बरीच धूळ निघते.

खोलीचा हिशेबही आधी करा. प्रोजेक्टरबरोबर साधारणपणे ५० मिमीची लेन्स येते. तिने पंधरा फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद चित्र पडतं. फ्लॅटच्या हॉलसाठी २५ मिमीची लेन्स मिळवा, तेवढ्याच अंतरावर चित्र दुप्पट, सहा फुटांच्या आसपास होतं. प्रोजेक्टर अमेरिकेहून आलेला असेल तर तो ११० व्होल्टचा आहे का ते प्लग लावण्याआधी बघा. काही यंत्रांत आपल्या ५० हर्ट्झसाठी मोटरची पुलीही बदलावी लागते, नाहीतर सगळा सिनेमा संथ चालतो आणि गाणी खाली उतरतात. एक जादा लॅम्प घरात असू द्या, बऱ्याच यंत्रांना २४ व्होल्ट २५० वॉटचा लागतो, आणि आवाजाचा एक्सायटर लॅम्पही. भर खेळात यातला कुठलाही गेला तर गावात मिळणार नाही.

कायद्याचं थोडं. प्रिंट तुमची झाली म्हणून सिनेमाचे हक्क तुमचे होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. घरच्यांना आणि मित्रांना घरात दाखवणं हा एक भाग, गणपतीच्या मांडवात किंवा तिकीट लावून दाखवणं हा दुसरा. दुसऱ्याचा विचार असेल तर आधी हक्कदार शोधा आणि परवानगी घ्या.

येत्या खेपेला विक्रेत्याकडे जाताना सुती मोजे, तीन फूट लीडर, एक भिंग आणि पांढऱ्या उजेडाची बॅटरी एवढं घेऊन जा. दोन्ही प्रिंटच्या काठावर काय छापलं आहे ते भिंगातून वाचून लिहून घ्या. कोडॅकची फिल्म असेल तर चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा खुणा दिसतील. त्या फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते सांगतात, फक्त त्या दर वीस वर्षांनी पुन्हा येतात म्हणून सिनेमाच्या सालाशी ताडून बघाव्या लागतात. ओर्वो किंवा उटीची 'इंदू' अशी दुसऱ्या कंपनीची फिल्म असेल तर तेही नोंदवा. शंभर भोकांचं काय निघालं, वास रिळाला आहे की डब्याला, आणि संतपटाचं नाव, एवढं इथे लिहा. ते कळलं की किमतीबद्दल बोलू.